जमीन फुगत होती तेव्हा

माझी मुलगी ज्वालामुखीच्या खाली खडक कसा वितळतो याचा अभ्यास करते. नातेवाइकांत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. वर्ध्याची माझी नणंद दर लग्नात विचारते, "म्हंजे बापासारखीच भट्टीवर हाये का?" तिचं तरी काय चुकतं? मुलीचे बाबा, म्हणजे आमचे हे, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर, लोखंडाच्या मोठ्या भट्टीवर होते. तिथूनच अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मी टाउनशिपमधल्या एका शाळेत भूगोल शिकवत असे, हिंदी माध्यमातून. दोघंही रिकामे झाल्यावर क्वार्टर सोडून भिलाईतल्याच नेहरू नगरात राहायला आलो. मुलगी एकच. लहानपणी ती बाबांच्या ड्यूटीच्या गोष्टी आणि माझे नकाशे दोन्ही ऐकत-बघत वाढली, त्यामुळे ती पुढे भूगर्भशास्त्राकडे वळली याचं आम्हाला कधी आश्चर्य वाटलं नाही.

वर्गात मी ज्वालामुखी शिकवायची तेव्हा फळ्यावर एक त्रिकोण काढायची आणि त्याच्या खाली लाल खडूने मोठा फुगा. फुगा म्हणजे शिलारसाची टाकी, उकळत असलेली. पुस्तकात तेच चित्र होतं. मुलगी एम.एस्सी.ला गेल्यावर एकदा हसत म्हणाली, "आई, तो लाल फुगा पुसून टाक. तसं काही नसते खाली."

"मंग काय असते?"

"दाखवतो कधीतरी," ती म्हणाली. ती लहानपणापासून घरात "करतो, जातो" असंच बोलते.

दाखवायला ती मला घेऊन गेली ती जवळच्या अहिवारा गावाच्या पुढे, चुनखडीच्या एका बंद पडलेल्या खाणीत. स्कूटीवर मी मागे बसले होते. आमच्याकडची चुनखडी म्हणजे राखाडी रंगाचे सपाट थर, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. इथे कधीकाळी उथळ समुद्र होता, हे मी स्वतःच मुलांना शिकवलं होतं. तिने एका जागी थांबून त्या थरांच्या मधली एक पट्टी दाखवली. हिरवट रंगाची, जेमतेम वीतभर जाड, बोटाने खरडली की भुगा पडणारी.

"ही राख आहे," ती म्हणाली. "कुठल्यातरी ज्वालामुखीची. उडून आली आणि समुद्रात बसली."

"कुठं होता तो ज्वालामुखी?"

"माहीत नाही. इतका काळ गेला की तो घासून संपला असेल, नाही तं गाडल्या गेला असेल. पण ह्या राखेत वाळूपेक्षा बारीक स्फटिक आहेत. वर येण्याच्या आधी ते खाली किती काळ पडून होते, ते त्यांच्यावरून काढता येते."

मी त्या पट्टीवर हात ठेवून उभी राहिले. आयुष्यभर दुर्ग जिल्ह्यात राहिले, आणि ह्या मातीत ज्वालामुखीची राख आहे हे मला माहीत नव्हतं. पलीकडच्या चालू खाणीतला माणूस शिट्टी वाजवत आला, सुरुंग लावायची वेळ झाली म्हणून त्याने आम्हाला हाकललं. परत येताना ती सगळा रस्ता बोलत होती. त्या दिवशी मला कळलं की ही पोरगी आता भिलाईत राहणार नाही.

पीएच.डी. झाल्यावर तिला परदेशात काम मिळालं. एक बेटांचा देश आहे, त्यातल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या वेधशाळेत. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या लोकांचं नाव आधीच नको तितकं पेपरांत आलं आहे. पहिल्यांदा तिने व्हिडिओवर आजूबाजूचं सगळं दाखवलं तेव्हा आम्हाला ते हिल स्टेशनसारखं वाटलं. मधोमध निळं तळं, काठाने गावं, भाजीचे मळे, शाळा, चर्च, आणि सगळ्याच्या भोवती दूरवर डोंगरांची कड.

हे चष्मा सारखा करून मोबाइलमध्ये शोधत होते. "ज्वालामुखी कुठं हाये त्यातला?"

"तुम्ही पाहून राहिले तोच, बाबा. ही पूर्ण जागा. पहाड खाली बसला आहे. ह्याले कॅल्डेरा म्हणतात."

"म्हंजे तू त्याच्या आत राहतं?"

"सगळेच राहतात. हजारो लोक राहतात."

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गच्चीवर निघून गेले.

ती एका विधवा बाईच्या घरी भाड्याने राहत होती. बाई सत्तरीच्या पुढच्या, शिवणकाम करणाऱ्या. मुलगी तिला त्यांच्या भाषेत मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही घरात 'तिकडची मावशी' म्हणू लागलो. ना तिला हिंदी, ना मला तिची भाषा. तरी रविवारी आम्ही दोघी व्हिडिओवर भेटायचो. मी भाजी दाखवायची, ती भाजी दाखवायची. मी एकदा कारलं दाखवलं, तर तिने तोंड इतकं वाकडं केलं की मुलगी मागून खो खो हसली. म्हणजे कारलं तिकडेही होतं, आणि तिलाही ते आवडत नव्हतं. तिचं पायाने चालवायचं शिलाई मशीन खिडकीजवळ होतं. एकदा तिने मला उभं राहायला सांगितलं, माझ्याकडे नुसतं डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्या उन्हाळ्यात मुलगी सुट्टीवर आली तेव्हा माझ्या मापाचा एक सैल झगा घेऊन आली. खांद्यात अगदी बरोबर बसला.

त्याच सुट्टीत तिने बाबांना तिचं काम समजावलं. संध्याकाळी आम्ही चौकात बर्फगोला खायला गेलो होतो. कोचिंग क्लास सुटलेली पोरं चारी बाजूंनी सायकली लावून उभी होती. यांनी विचारलं, "तुमच्या त्या तळ्याच्या खाली किती माल असन? आमच्या फर्नेसच्या हिशोबानं सांग."

"बाबा, तुमच्या फर्नेसमधे खाली सगळं वितळलेलं असते. तिथं तसं नाही. तिथं बहुतेक सगळा खडक घट्टच आहे."

"मंग वितळते कुठं?"

ती गोला हातात धरून सांगू लागली. फार खोल, पृथ्वीच्या कवचाच्याही खाली, खडक भयंकर तापलेला असतो, पण वरच्या वजनाने इतका दाबलेला असतो की वितळू शकत नाही. तो फार हळू, नखं वाढतात तसा, वर सरकतो. वर आला की दाब कमी होतो, आणि त्याचा थोडासा भाग वितळतो. सगळा नाही, थोडासाच. तिच्या बेटांच्या खाली आणखी एक गोष्ट घडते. समुद्राचा तळ तिथे जमिनीखाली घुसतो आणि आपल्यासोबत पाणी नेतो. पाणी मिसळलं की खडक कमी उष्णतेतही वितळतो. हा वितळलेला रस हलका, म्हणून वर निघतो, पण अर्ध्या वाटेत कवचात अडकून बसतो. तिथे तो निवतो. निवताना ज्यात लोखंड जास्त असे कण आधी घट्ट होतात, आणि उरलेला रस जास्त चिकट होत जातो. आजूबाजूचा जुना खडकही त्या धगीने थोडा वितळून त्यात मिसळतो. असं हजारो वर्षं चालतं.

"आता पाहा," असं म्हणून तिने गोला तोंडाला लावून जोरात ओढला. लाल रंग निघून गेला, पांढरा बर्फ राहिला. "बर्फाचे कण म्हणजे स्फटिक. मधलं शरबत म्हणजे मॅग्मा. खाली हे असं आहे. टाकी नाही, भिजलेला बर्फ आहे. शरबत कमी असलं की ते हलत नाही, फुटतही नाही. नुसतं पडून राहते. मग खालून नवीन गरम रस येतो, और फिर बर्फ पिघलना शुरू. शरबत वरच्या बाजूला जमा होते. त्यात गॅस असतो, तो सुटू पाहते."

"आन् ते सगळं एकदम बाहेर पडलं तं?"

तिने पांढऱ्या गोल्यावर बोट दाबलं. वरचा भाग आत बसला. "छत खाली येते. म्हणून तिथं पहाड नाही, परात आहे."

यांनी थोडा विचार केला. "मंग एक होल मारून थोडं थोडं काढून घेत कावून नाही? आमी तं रोज टॅप करत होतो."

"कशात होल मारू बाबा? बर्फात?" ती हसली. आम्हीही हसलो. गोलेवाला पण हसला. त्याने अर्धं काय ऐकलं कोण जाणे.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता तिच्या बोलण्यात फरक पडला. रविवारचा फोन लहान होऊ लागला. मग एकदा तिने तळ्याचा धक्का दाखवला. ज्या पायऱ्या नेहमी पाण्यात बुडालेल्या असत, त्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावरचं शेवाळ वाळून पांढरं झालं होतं. होड्या चिखलात कलंडल्या होत्या.

"पाणी आटलं का?" मी विचारलं.

"पाणी तेवढंच आहे, आई. जमीन वर आली."

ती हे इतकं साधं बोलली की मला समजायला वेळ लागला. जमीन वर येत होती. गावासकट, शाळेसकट, मावशीच्या घरासकट. रोज थोडी थोडी. आणि बारीक भूकंप सुरू झाले होते. कपाटातल्या बशा वाजण्याइतके.

"म्हंजे खालून तो नवीन रस आला का?" मी विचारलं.

"आला असेल. किंवा नुसतं गरम पाणी आणि गॅस अडकून दाब वाढला असेल. दोन्हीत जमीन सारखीच फुगते. फुगली हे आमच्या यंत्रात दिसते. कावून फुगली ते नाही दिसत. आणि अशा जागा कितीदा फुगतात आणि काही न करता पुन्हा बसतात. बहुतेक वेळा बसतात."

"बहुतेक," हे मागून म्हणाले.

"हो, बाबा. बहुतेक."

त्या दिवसापासून यांनी त्या वेधशाळेचं संकेतस्थळ उघडून बसायला सुरुवात केली. तिथे भूकंपांचे ठिपके रोज नकाशावर पडत. सकाळचा चहा झाला की हे जेवणही विसरून ठिपके बघत बसत. पूर्वी कंट्रोल रूममध्ये असेच बसायचे म्हणे. भट्टीच्या भिंतीचं तापमान कुठे चढलं ते समोर दिसायचं. चढलं तर थंड पाणी वाढवायचं, नाही तर हवेचा झोत कमी करायचा. एक दिवस लॅपटॉप बंद करून म्हणाले, "माह्याजवळ बटन होतं. ह्या पोरीजवळ फक्त काटा हाये."

मी त्यांना जेवायला वाढलं.

तिकडे लोक विचारू लागले होते. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली, ती मुलीने मला दुसऱ्या दिवशी सांगितली. तिचे प्रमुख पुष्कळ वेळ बोलले, पडद्यावर आलेख दाखवले. मग एक मासेमारी करणारा माणूस उठला आणि म्हणाला, "हे सगळं राहू द्या. फुटणार, हो की नाही?" प्रमुखांनी पुन्हा आलेखाकडे बोट केलं. लोक त्यांच्याकडे न बघता माझ्या मुलीकडे बघू लागले. ती त्यांच्यात राहत होती, बाजारात घासाघीस करत होती, त्यांची भाषा बोलत होती. ती उभी राहून म्हणाली, "आम्हाला माहीत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग तुम्ही इथे आहात कशाला?"

"मी खाली बसलो, आई," ती म्हणाली.

त्या रात्रीच्या जेवणाला मावशीनेही तिला विचारलं होतं. माझ्या घरात राहतेस, मला तरी खरं सांग. मुलीने तेच सांगितलं जे सभेत सांगितलं होतं. मावशीला वाटलं, ही लपवते आहे.

आम्ही तिला परत बोलावलं. म्हणजे यांनी बोलावलं. फोन स्पीकरवर होता.

"बस झालं. तू वापस ये."

"बाबा, आता नाही येऊ शकत."

"कावून नाही येऊ शकत? तू तिथं राहून त्याले थांबवून राहिली का?"

"नाही."

"मंग?"

"जी मुलगी ह्याचा अभ्यास करते तीच पळाली असं झालं तं लोक काय समजतील? उद्या खरंच निघा म्हणायची वेळ आली तं कोण ऐकल आमचं?"

"लोकाचं मले नको सांगू. मले माही पोरगी पाह्यजे."

ती हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज." यांनी फोन ठेवून दिला. मी परत लावला तर ती रडत होती, आणि मीही तिला "ये" म्हणू शकले नाही आणि "राहा"ही म्हणू शकले नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

आपणच जावं म्हणून चौकशी केली. त्या भागात सध्या बाहेरच्या माणसांना जाऊ देत नाहीत असं कळलं. मग राहिलं काय? पेपर वाचणं. शेजारच्या बंगाली वहिनी येऊन बसायच्या, त्यांची समजूत काढणं, कारण त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरायच्या. हायवेवरून भरलेला ट्रेलर गेला की आमच्या खिडकीची काच थरथरते, घर बांधलं तेव्हापासून थरथरते. पण आता तेवढ्यानेही माझा हात पोळपाटावर थांबायचा.

मग सरकारने तळ्याकाठची गावं रिकामी करायला सांगितली. मावशी डोंगरांच्या कडेच्या पलीकडे, आपल्या भाचीकडे गेली. मुलगी आणि तिचे सहकारी वेधशाळेत झोपू लागले. वेधशाळा उंचावर होती, म्हणून मला जरा बरं वाटलं. काही आठवडे असेच गेले. आणि जमिनीचं फुगणं मंदावलं. मग थांबलं.

हेच सगळ्यात वाईट झालं, असं मुलगी अजून म्हणते. थांबलं म्हणजे संपलं असं नाही. पण मळ्यात भाजी सडत होती, कोंबड्या-डुकरांना कोणी नव्हतं, भाच्यांच्या घरी किती दिवस राहणार? लोक रस्त्यावर येऊन ओरडू लागले की आम्हाला फुकट हाकललं. रस्त्यांवर लावलेले अडथळे आधी एका बाजूने उघडले, मग सगळेच परतले. वेधशाळेने सूचना काढली की धोका टळला असं आम्ही म्हणत नाही. ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

मावशीने परतण्याआधी मुलीला फोन केला होता. "येऊ का घरी?"

मुलगी म्हणाली, "मला सांगता येत नाही, मावशी. पण माझी आई असती तर मी येऊ दिलं नसतं."

मावशी म्हणाली, "तुझ्या आईचं घर इथे नाही ना."

ती परतली. गावातल्या एका लग्नाचे कपडे शिवायला घेतलेले अर्धवट राहिले होते, ते पूर्ण करायचे होते. त्या रविवारी ती व्हिडिओवर आली. मागे मशीनवर पांढरं कापड पडलेलं होतं. भिंतीला एक भेग पडली होती, तिच्यावर तिने कॅलेंडर टांगलं होतं आणि ते मला उचलून दाखवलं, जणू काही गंमतच. मी पण हसले.

नंतरच्या आठवड्यात मी दुपारी मेथी निवडत बसले होते. फोन वाजला.

"आई, मावशी गेली."

माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "फुटला का?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही फुटलं. भूकंप आला. उथळ होता, गावाच्या बरोबर खाली. भिंत पडली तिच्यावर. गावात तेवढी एकच भिंत पडली, आई."

मी मेथीच्या जुड्या तशाच सोडून उठले आणि यांना हाक मारली. हे आले, उभ्याउभ्या ऐकलं, आणि लॅपटॉपजवळ जाऊन बसले. त्या दिवशीचा ठिपका नकाशावर आलेला होता. बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा. हे त्याच्यावर बोट ठेवून बसून राहिले.

त्यानंतर जमीन उतरू लागली. पायऱ्या हळूहळू पुन्हा पाण्यात जाऊ लागल्या. ज्वालामुखीने केलं काहीच नाही. पेपरांनी दोन दिवस वेधशाळेला शिव्या दिल्या. कोणी म्हणालं, उगाच घाबरवलं. कोणी म्हणालं, सांगितलंच नाही. मग पेपरही दुसरीकडे वळले.

मुलगी घरी आली ती वाळून आली. आम्ही रायपूरच्या विमानतळावर घ्यायला गेलो. तिने बॅग यांच्या हातात दिली आणि मागच्या सीटवर बसून डोळे मिटले. घरी आल्यावर ती दुपारी झोपायची, संध्याकाळी गच्चीवर बसायची. यांनी तिला आवडतात म्हणून रोज सकाळी गरम जिलेबी आणायचा सपाटा लावला. ती एक तुकडा खायची, आणि यांचं मन राखायला आणखी एक. बंगाली वहिनी आल्या आणि माझ्यादेखत विचारून बसल्या, "बेटा, तुम लोगों को पहले से पता नहीं चलता क्या?" ती म्हणाली, "नहीं, आंटी." वहिनी बिचाऱ्या चहा न पिता गेल्या.

एकदा मी पोळ्या लाटत होते, तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, त्या स्फटिकांत वर्तुळं असतात. झाडाच्या खोडासारखी. गरम रस कधी आला, तो किती दिवस तसाच राहिला, मग कधी वर निघाला, सगळं त्यात लिहिल्यासारखं असते. आम्ही ते वाचू शकतो. एकदम बरोबर वाचतो."

"मंग?"

"पण तो दगड बाहेर पडल्यावरच हातात येतो ना. म्हणजे फुटल्यावर. तेव्हा सगळं समजते आमाले." ती जरा थांबली. "ह्या वेळेस तं दगडही नाही आला. खाली मॅग्मा सरकला होता की नुसतं पाणी होतं, ते मले कधीच समजणार नाही. ती कशानं मेली तेही मी सांगू शकत नाही. तिच्या भाचीनं विचारलं होतं."

तवा तापून धुरावला होता. मी गॅस बंद केला. तिला जवळ घेतलं तर ती लहानपणी ताप आल्यावर यायची तशी अंगावर पडली. मला वाटलं, काहीतरी बोलावं. इतकी वर्षं वर्गात उभी राहून बोलले, एका प्रश्नाला उत्तर नाही असं पोरांना कधी जाणवू दिलं नाही. पण जे मनात आलं ते सगळं खोटं वाटलं. तुझी चूक नाही, हे तिला माहीतच होतं. त्याने तिचं काही हलकं होत नव्हतं.

"मावशीनं माझं माप नुसतं डोळ्यांनी घेतलं होतं," मी शेवटी म्हटलं.

"माझंही," ती म्हणाली, आणि मग ती रडली. नीट रडली, आल्यापासून पहिल्यांदा. हे दाराशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत, आणि थोड्या वेळाने परत गेले.

मला आशा होती की ती आता इथेच राहील. यांनी तर दुर्गच्या कॉलेजात जागा निघते का याची चौकशीही करून ठेवली होती. पण एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यात जातो."

हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "जाऊन काय करशीन?"

"मोजीन, बाबा."

"आन् मोजून?"

"पुन्हा फुगेल तेव्हा मागचं मोजलेलं पाहिजे ना. काय काय झालं होतं, किती दिवसांत बसली. नाही तं पुढच्या वेळेस आम्ही आतापेक्षाही कमी सांगू."

तिला सोडायला आम्ही दोघंही गेलो. वाटेत कुम्हारीला गाड्या तुंबल्या होत्या. पुढे एक ट्रक आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंची माणसं हॉर्न वाजवत बसली होती. मला मनातून वाटत होतं की हा ट्रक असाच राहावा, विमान चुकावं. मग पोलीस आला आणि रस्ता मोकळा झाला. विमानतळाच्या दाराशी हे तिला म्हणाले, "रोज एक मेसेज टाकत जा. 'हो' लिहिलं तरी चालते." ती "हो" म्हणाली आणि आत गेली.

ती आता डोंगरांच्या कडेच्या उतारावर दुसऱ्या घरात राहते. मावशीच्या घराची जागा भाचीने विकली नाही, नुसती कुंपण घालून ठेवली आहे. काही लोकांनी भेगा पडलेली घरं दुरुस्त केली, काही गाव सोडून गेले, बहुतेक तिथेच आहेत. जमीन अजून थोडी थोडी उतरते आहे. ते चांगलं की वाईट, हे मी आता विचारत नाही. यांचं ठिपके बघणं सुटलेलं नाही, पण आता जेवणाआधी लॅपटॉप बंद करतात.

आम्हाला व्हिसा मिळाला आहे. हिवाळ्यात जायचं ठरतं आहे. तिकडे जाऊन आपण करणार काय, असं हे दर दोन दिवसांनी म्हणतात. मी म्हणते, तिला दोन वेळचं ताजं खायला घालू, दुसरं काय येतं आपल्याला? परवा फोनवर मी तिला घाबरतच विचारलं, "आमी तिथं असताना काही झालं तं?"

"तं तिघंही गाडीत बसू, आई," ती म्हणाली. "आणि निघू."